एकाच तालमीची जोड

त्या साली दिवाळी सरली आणि कोल्हापूरला बेसबॉलचं वेड लागलं. हा खेळ कुणी पाहिलेला नव्हता, खेळण्याची तर गोष्टच सोडा, पण बोलत सगळे होते. रिक्षेला कर्णा बांधून एक गडी दिवसभर ओरडत फिरायचा, ‘आली, आली, पगारी खेळाडूंची बेसबॉल लीग आली!’ दूध कट्ट्यावर म्हैस पिळून होईपर्यंत लोक त्यावर भांडायचे. चार संघ होते. बावडा वाघ, कागल तुफान, जोतिबा गुलाल आणि रंकाळा राजे. कसं जिंकतात हे ज्यांना ठाऊक नव्हतं, ते कोण जिंकणार यावर मिसळीच्या पैजा मारत होते. आमच्या शेजारच्या चिमणाबाईनं तर जोतिबा गुलाल जिंकू दे म्हणून जोतिबालाच नारळ बोलला. देवाचं नाव लावलेला संघ हरला तर अब्रू देवाची जाते, असं तिचं म्हणणं.

आधीच सांगून टाकते, ती लीग झालीच नाही. गाजावाजा झाला, हलगी लावून मिरवणूक झाली, स्टुडिओत खेळाडूंचे फोटो निघाले आणि वानगीदाखल बावडा-कागल असा एक सामना झाला. मग लीग काढणारे नलवडेसाहेब ‘पुण्याला जाऊन येतो’ म्हणाले ते आलेच नाहीत. पण त्या एका सामन्यानं आमच्या घरात जे काही झालं, ते अजून माझ्या डोक्यात नीट बसलेलं नाही. म्हणून सांगायला बसले.

मी तानाबाई. आमचे मालक पेठेतल्या तालमीचे वस्ताद. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून मीही त्यांना वस्तादच म्हणते. सगळं गाव म्हणतं, मी वेगळं काय म्हणू? तालमीची भिंत आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच. पलीकडून शड्डू ऐकू यायचे, आपटल्याचे दणके ऐकू यायचे, वस्तादांच्या शिव्या तर चुलीपर्यंत यायच्या. पण तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही आणि कुस्तीच्या मैदानाला तर जायचंच नाही. अख्खा जन्म मी पैलवानांसाठी बदाम वाटले, आणि त्यातला एकही गडी लढताना डोळ्यांनी पाहिला नाही. याचा मला राग होता. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितला नव्हता, एवढंच.

आम्हाला मूलबाळ नाही. त्याचं दुःख करत बसायला सवड मिळाली नाही, कारण हुसेन आणि पिराजी होते. हुसेन बावड्याचा, लालासाब पिंजाऱ्याचा. लालासाब गेल्यावर त्याची बायको अमीरबी गाद्या भरून पोट भरायची. तिनं पोराला आणून वस्तादांच्या पायांवर घातलं होतं. पिराजी कागलकडचा, शेतकऱ्याघरचा. तो जेवायला बसला की मला परातभर पीठ नव्यानं भिजवावं लागायचं. दोघं एकाच हौद्यात, म्हणजे तालमीतल्या त्या लाल मातीच्या आखाड्यात, एकमेकांना आपटत वाढले आणि माझ्या हातची भाकरी खाऊन झोपले.

दोघांत हुसेन उजवा, असं वस्ताद माझ्याजवळ बोलायचे, पोरांसमोर कधीच नाही. एका मोठ्या मैदानाच्या पोस्टरवर त्याचं नाव यायचं ठरलं. पोस्टर छापायच्या आधीच सरावात गुडघा निखळला. हाडवैद्य झाले, तेलं झाली, कोंबडीचा रस्सा झाला, पण कुस्ती सुटली ती सुटलीच. मग तो बांधकामावर विटा चढवायला जाऊ लागला. खाली उभा राहून वीट अशी भिरकावायचा की दुसऱ्या मजल्यावरच्या गवंड्याला हात हलवावा लागू नये. पिराजीची पोस्टरं लागत राहिली, आणि ती चिकटवायला खळीचा डबा घेऊन हुसेनच जायचा. एकदा मला म्हणाला, “मावशी, भिंत बघून ठेवलीया मी. मिरजकर तिकटीची. तितं माझं नाव लई शोभलं असतं की.” मी ताटात भाजी वाढली.

असं सगळं असताना नलवडेसाहेब तालमीत आले. बरीच वर्षं अमेरिकेत राहून आलेला माणूस, डोक्यावर चोच असलेली टोपी. त्यांना दांडगी माणसं हवी होती. पिराजीला मुद्गल फिरवताना पाहिलं आणि म्हणाले, हा फटके मारणार. मग फेकणारा शोधू लागले. कुणीतरी हुसेनला बांधकामावरून बोलावून आणलं. साहेबांनी चेंडू दिला, तालमीच्या आवारात लांब एक माणूस हातमोजा घालून बसवला. हुसेननं विटेसारखाच टाकला. बसलेला माणूस मोज्यासकट मागं कोलमडला आणि साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. हे सगळं मला भिंतीपलीकडून नुसतं ऐकू आलं. नेहमीसारखं.

संघांची यादी ठरवायला साहेबांनी चिठ्ठ्या टाकल्या. म्हणे सगळ्या संघांत जोर सारखा पाहिजे. झालं, चिठ्ठ्यांनी घोटाळा केला. बावड्याचा हुसेन गेला कागल तुफानात आणि कागलचा पिराजी गेला बावडा वाघात. पोस्टर लागलं तशी आमच्या दारात रांग लागली. ज्या पेठेचा पैलवान, त्याच पेठेचा आरडाओरडा, एवढं साधं ज्यांना माहीत, त्यांनी करायचं काय? कागलहून एक म्हातारा सायकल मारत आला आणि उंबऱ्यातच बसला.

“वस्ताद, आमचा पिराजी बावड्यात. मग आमी वरडायचं कुणाच्या नावानं?”

“संघाच्या नावानं वरडा, पावणं.”

“म्हंजी पिराजी हरू दे म्हणून वरडायचं व्हय?”

वस्तादांनी आत चहा सांगितला. म्हाताऱ्यानं चहा घेतला, पुन्हा तेच विचारलं आणि तसाच गेला.

अमीरबी मात्र कुठल्याच घोटाळ्यात नव्हती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती मला घेऊन मिरजकर तिकटीला गेली. तिथंच होतं पोस्टर, हुसेननं बघून ठेवलेल्या भिंतीवर. ‘कागल तुफानचा तोफखाना, हुसेन लालासाब पिंजारी.’ मी बोट ठेवून वाचलं. तिनं त्या अक्षरांवरून हात फिरवला. खळ अजून ओली होती, ती तिच्या बोटांना लागली.

“बापाचं नाव बी हाय?”

“हाय की. हे बघ, लालासाब.”

ती तिथंच रस्त्यात रडली आणि मग मला गुळाचा खडा घेऊन दिला. साहेबांनी मैदानावरच्या गाद्यांचं कामही तिलाच दिलं होतं. खेळात तीन गाद्या मांडतात, चौथ्या जागी पाट. माणूस पाटापासून पळत सुटतो आणि तिन्ही गाद्या शिवून पाटावर परत येतो, मग एक धाव. एवढा खेळ मला अमीरबीनं समजावला. तिला हुसेननं, हुसेनला साहेबांनी. पुढचं तिलाही समजलं नव्हतं.

पुढचं समजलं ते माझ्या स्वयंपाकघरात. एका संध्याकाळी वस्ताद जेवत होते, दोन्ही पोरं समोर. वस्तादांनी विचारलं, “ह्या खेळात जोड कशी लागती, ते काय मला अजून उमगंना. नऊ हिकडं, नऊ तिकडं. कोण कुणासंगं?”

हुसेननं माझ्या तीन वाट्या मांडल्या, एक ताटली पाट म्हणून ठेवली. मध्ये पाण्याचा तांब्या. “हा मी. मी फेकणार.” ताटलीजवळ भाकरीचा तुकडा ठेवला. “हा पिराजी. ह्यो मारणार.” भाकरीच्या मागं मिठाची बरणी. “हा आमचाच गडी, चेंडू धरणारा.”

“तुमचा गडी त्येंच्या गड्याच्या पाठीमागं बसतो?”

“व्हय.”

“आन् त्यो काय करत न्हाय?”

“नुस्ता बसतो, वस्ताद.”

वस्तादांनी बरणीकडं बराच वेळ संशयानं पाहिलं. मग तांब्याकडं, मग भाकरीच्या तुकड्याकडं. घास हातातच राहिला.

“म्हंजी तू टाकणार आन् पिराजी मारणार. तुझ्या टाकण्यानं त्यो पडणार, न्हाय तर त्येच्या मारण्यानं तू.”

“तसंच म्हणायचं,” पिराजी म्हणाला.

“मग ही जोडच झाली की रं!”

हुसेननं तांब्या उचलून बाजूला ठेवला. मलाही लगेच कळलं. एका तालमीचे गडी मैदानात एकमेकांशी लढत नाहीत. तालमीत सकाळ-संध्याकाळ एकमेकांची हाडं मोडा, पण चार लोकांसमोर गुरुभावांनी हात मिळवायचा नाही. हा नेम वस्तादांच्या वस्तादांपासून चालत आलेला. पोस्टरवर चुकून तशी जोड छापली गेली, तरी वस्ताद आपला गडी आखाड्यातून उचलून नेतात. कोल्हापुरात हे कुणाला सांगावं लागत नाही. चिठ्ठ्या टाकणाऱ्या साहेबांना सांगायचं राहून गेलं होतं, आणि इतके दिवस खेळच न समजल्यामुळं आमच्याही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी साहेबांना घरी चहाला बोलावलं. म्हणाले, दोघांना एका संघात घाला. साहेब म्हणाले, “वस्ताद, पोस्टर लागलंय, नावं जाहीर झालीत. हे प्रोफेशनल आहे.”

“तर मग त्या दोघांची गाठ पडू देऊ नका.”

“तोच तर खेळ आहे! आणि सरळ सांगतो, या सामन्यात जो चमकेल तोच पुढं संघात राहील. हुसेनला बसवलंत, तर त्याच्या जागी दुसरा घेईन.”

कपबशी उचलता उचलता मीच विचारलं, “अन् समजा त्येनं पिराजीला चांगला चेंडू टाकलाच न्हाई तर?”

साहेब हसले. “चार चेंडू आवाक्याबाहेर टाकले, की मारणाऱ्याला पहिली गादी फुकट मिळते. चालत जायचं. तसा नियमच आहे.”

मी आपलं सहज विचारलं होतं. वस्तादांनी ते धरून ठेवलं. साहेब गेल्यावर त्यांनी हुसेनला बोलावून सांगितलं, पिराजी समोर आला की चार चेंडू लांब टाकायचे. खेळाचाही नेम राहील, तालमीचाही राहील. हुसेन मान खाली घालून उभा होता. “बरं, वस्ताद,” म्हणाला. एवढंच. तो गेल्यावर मी भांडले.

“पोराला नशिबानं एक दिवस मिळालाय. त्यात बी तुमचं आडवं लाकूड?”

“तुला तालमीतलं काय कळतं?”

“मला कोण कळू देतंय! भिताडाच्या ह्या अंगाला बसवलंय मला.”

ते उठून तालमीत गेले. तिथं मला जाता येत नाही हे त्यांना बरं सापडलं होतं.

सामना बावड्याच्या पुढं, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात होता. साखर कारखान्याची मळीची वाफ तिथवर यायची. बायकांसाठी वेगळा मांडव घातला होता, म्हणून जन्मात पहिल्यांदा मी खेळ बघायला गेले. नवं लुगडं नेसून गेले, शेजारी अमीरबी. वस्ताद समोरच्या बाजूला पुरुषांत बसले होते, भगवा फेटा बांधून. खांद्यावर उपरणं, त्याच्या टोकाला गाठ. त्या गाठीत तालमीची मूठभर माती असायची. परक्या मैदानात आपल्या गड्याच्या अंगाला आपली माती लागावी म्हणून ते कुठंही गेले तरी ती घेऊन जायचे. ह्या सामन्याला कशाला आणली होती, देव जाणे. सवय असावी.

खेळ सुरू झाला आणि कुणालाच काही कळेना. फटका लांब गेला की टाळ्या, आणि मग कळायचं की तो मोजायचाच नाही. एक जण छातीच्या जोरावर गादीवर घसरत गेला, तर बायका ओरडल्या, ‘पडला, पडला!’ पण तो तर वाचला होता. कागलचे लोक पिराजी दिसला की उठून नाचायचे, मग आपल्याच संघाकडं बघून खाली बसायचे. कर्ण्यावरचा माणूसही मध्येच गप्प व्हायचा. बहुतेक त्यालाही कुणीतरी समजावत असावं. चिमणाबाई मला कोपरानं ढोसून विचारायची, “गुलाल कवा येणार?” त्यांचा सामना आज नाहीच, हे तिला तीनदा सांगितलं.

पण हुसेन कळत होता. त्याला बघायला खेळ समजावा लागत नव्हता. गुडघ्याला फडकं बांधून, पिवळा सदरा घालून तो मधोमध उभा होता. हात मागं गेला की मांडव गप्प व्हायचा. चेंडू दिसायचाच नाही, नुसता मोज्यात आवाज यायचा. एकामागून एक गडी हात हलवत परत जात होते. लोक ‘हुसेन, हुसेन’ करू लागले. अमीरबी माझा दंड इतका दाबत होती की बांगडी पिचली. मला वाटलं, हेच ते, जे मी भिंतीपलीकडून ऐकत आले. असं दिसतं होय हे!

आणि मग पिराजी आला.

हुसेननं पहिला चेंडू इतका लांब टाकला की धरणाऱ्याला उठून पळावं लागलं. दुसरा तसाच. चौथा गेला तेव्हा पिराजी बॅट खाली ठेवून खालमानेनं पहिल्या गादीकडं चालू लागला. लोक बावचळले. पुन्हा पाळी आली, पुन्हा तेच. आता हुर्यो सुरू झाली. ‘पिराजीला भ्यालं रे!’ ‘वीट दे त्येला, वीट!’ थोड्या वेळापूर्वी नाव घेऊन नाचणारी तीच तोंडं. साहेब टोपी हातात धरून येरझाऱ्या घालत होते. वस्ताद जागचे हलले नाहीत.

ऊन उतरलं. कर्ण्यावरून सांगितलं, दोन्ही बाजू सारख्या, ही शेवटची पाळी. बावड्याचे गडी तिन्ही गाद्यांवर उभे, आणि मारायला पिराजी. मग तो कर्ण्यावरचा पहिल्यांदाच सगळ्यांना कळेल असं बोलला, “चार चेंडू बाहेर गेले तर पिराजीला गादी फुकट, मागचे सगळे एकेक पुढं सरकणार, एक गडी पाटावर येणार आणि बावडा जिंकणार! तीन हुकले तर पिराजी बाद आणि पाळी संपली!”

हुसेननं एक लांब टाकला. दुसरा लांब टाकला. तिसरा टाकताना त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. शिट्ट्यांनी रान उठलं. अमीरबीनं तोंडावर पदर घेतला आणि पदराआडून म्हणाली, “तानाक्का, माझं पोरगं खरंच भ्यालं का गं?”

ते मला सोसलं नाही. काय झालं मला, मी खुर्चीवर चढले. सगळ्या बायकांसमोर, सगळ्या गावासमोर, बेंबीच्या देठापासून ओरडले.

“अवं आकाराम!”

सगळा मांडव माझ्याकडं वळला. चिमणाबाईनं दोन्ही गालांवर हात मारले. पलीकडं वस्तादांनी मान वर केली. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर ते नाव माझ्या तोंडून त्यांनी ऐकलंच नव्हतं.

“आकाराम वस्ताद! तुमच्या नेमानं पोराला चीत केलं की! उठा आता!”

ते उठले. इतक्या लोकांतून वाट काढत, धोतराचा सोगा सावरत थेट मैदानात. पंच धावत आला, साहेब धावत आले, वस्तादांनी कुणाकडं पाहिलं नाही. उपरण्याची गाठ सोडली. थोडी लाल माती हुसेनच्या पायाशी टाकली, थोडी पाटाजवळ पिराजीच्या पायाशी. मग दोघांना मधे बोलावलं, दोघांचे हात धरून एकमेकांच्या हातात दिले, जोड लावतात तसे. आणि मोठ्यानं म्हणाले, “ही तालमीची माती. म्हंजी ही तालीम. ही रोजचीच लढत हाय. काय रं, रोज लढतासा का न्हाई? मग लढा!”

पुरुषांच्या बाजूनं आरोळी उठली. खेळातलं एक अक्षर न समजलेल्या लोकांना ही गोष्ट मात्र चटकन समजली. पंचाला काहीच समजलं नाही, पण एवढ्या आरोळीपुढं तो काय करणार, मागं सरला.

वस्ताद आमच्या मांडवाच्या दिशेनं चालत आले आणि दोरीजवळ थांबले. मला वाटलं, आता वळतील आणि बघतील. ते वळले नाहीत. मैदानाकडं पाठ करून, माझ्याकडं तोंड करून उभे राहिले. हातांत उरलेली माती ते नुसती चोळत होते. एवढा दांडगा माणूस. त्याच क्षणी मला तो नेम समजला. पोरांसाठी तो नव्हताच, पोरं तर रोज लढत होती. लोकांसमोर आपलं एक पोर पडताना वस्तादानं बघायचं कसं, म्हणून तो नेम होता. माझा सगळा राग गेला.

मला मात्र बघावंच लागलं. हुसेननं हात मागं नेला. पहिला चेंडू पिराजीला दिसलाच नाही. दुसऱ्याला बॅट लागली, चेंडू मागं शेजारच्या उभ्या उसात गेला, लोक नाचले, मग कर्णा म्हणाला की तो पिराजीच्या विरुद्ध धरायचा. अमीरबीनं पदर काढला होता. मी कुणाच्या बाजूची? माझंच मला कळेना. हुसेनला मिळू दे म्हणावं, तर पिराजीचं तोंड डोळ्यांसमोर येई, माझ्या चुलीपुढं परातभर भाकरी खाणारं. वस्ताद माझं तोंड वाचत होते. मी चेहरा दगडासारखा करायचा प्रयत्न केला.

तिसरा चेंडू गेला. पिराजीनं अंगातला सगळा जोर लावून बॅट फिरवली, तो स्वतःच एक गिरकी घेऊन उभा राहिला. चेंडू मोज्यात होता. पंचानं मूठ उगारली आणि रान दुमदुमलं. ‘हुसेन! हुसेन!’ बावड्याचे ओरडत होते, कागलचेही ओरडत होते. अमीरबी खाली बसली आणि जमिनीला डोकं टेकलं.

वस्तादांनी मला विचारलं, “कोण पडलं?”

मी खुर्चीवरून खाली उतरले. तोवर कर्णा खरखरला, “अंधार पडत असल्यानं सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर करण्यात येत आहे.” लोक एकमेकांकडं बघू लागले. मग मिसळ कुणी द्यायची?

पोरं पळत आली होती. पुढं पिराजी, मागं हुसेन. घामानं निथळणारी, दोघांची छाती भात्यासारखी. वस्तादांनी वळून पुन्हा तेच विचारलं, “कोण पडलं रं?”

हुसेननं तोंड उघडलं, पण पिराजीनं त्याला कोपर मारलं.

“कुणी न्हाई, वस्ताद. बरोबरीत सुटली. ऐकलं न्हाई व्हय कर्ण्यावर?”

वस्तादांना ते पटेना. एवढी आरोळी बरोबरीला उठत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी दोघांना खांद्याला धरून फिरवलं आणि पाठीवरून हात फिरवला, आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या. कुस्तीत हरणाऱ्याच्या पाठीला माती लागते, ती ते शोधत होते. पुन्हा पुन्हा चाचपलं, आणि मग त्यांचा चेहरा निवळला.

“न्हाई,” म्हणाले, “कोऱ्या हायत दोघांच्या पाठी.” आणि तिथंच, माझ्यासमोर, रडायला लागले. पोरांनी त्यांच्या पायांना हात लावले. वाकलेल्या दोन्ही पाठी मला दिसत होत्या, एक पिवळा सदरा, एक पांढरा, आणि दोन्हींवर वस्तादांच्या हातांची लाल माती अगदी बोटांसकट उमटली होती. वस्तादांना ती दिसली नाही. मीही दाखवली नाही.